धावा, पण सावकाश

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना आवरायच्या वेळेला एक मामा आपल्या भाच्याला घेऊन आले. पोरगा विशीतला, काटक बांध्याचा, पण डाव्या पायाने लंगडत होता.

"डॉक्टरसाहेब, याचा पाय तेवढा लवकर बरा करा. पोलीस भरती तोंडावर आलीय," मामा म्हणाले.

"किती धावतोस रे?" मी भाच्याला विचारले.

"रोज पहाटे सोळाशे मीटर. फुल ताकदीनं. संध्याकाळी परत एकदा."

"किती दिवस झाले?"

"अडीच महिने झाले, सर. पहिल्या महिन्यात वेळ सहा चाळीसवरून सहा वीसवर आली. मग तिथंच अडकली. आता तर वाढायलाच लागलीय."

मी त्याच्या नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत गेलो. वरून खाली येताना रुपयाएवढ्या एका जागेवर बोट टेकले आणि पोरगा कळवळला. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे बहुधा दिसतही नाही. पण एकाच जागी बोटाने दाबल्यावर हाड असे दुखले, की त्या हाडाला बारीक तडा जात आहे असे समजूनच चालावे लागते. सहा ते आठ आठवडे धावणे बंद, असे मी सांगितले तेव्हा पोराच्या डोळ्यांत पाणी आले. मामांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू तडा मीच पाडला आहे.

वाचकहो, या पोराने आळस केला नव्हता. उलट एकही दिवस न चुकवता त्याने जीव तोडून मेहनत केली होती. चूक एवढीच झाली की रोजचा दिवस त्याने परीक्षेचा दिवस केला.

आपल्या गावातल्या कोणत्याही मैदानावर पहाटे साडेपाचला जाऊन पाहा. एका बाजूला अशी भरतीची पोरे जीव खाऊन पळत असतात. दुसऱ्या बाजूला चाळिशी-पन्नाशीची मंडळी दिसतात. कुणाला साखर निघालेली असते, कुणाचे ब्लडप्रेशर वाढलेले असते, कुणाला मुलीच्या लग्नाआधी पोट कमी करायचे असते. ही मंडळी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने धावतात, दुसऱ्या फेरीत छातीचा भाता होतो, चौथ्या दिवशी गुडघा धरतात आणि आठव्या दिवशी अंथरुणात सापडतात. वर "आपल्याला धावणं मानवत नाही" असे गावभर सांगतात.

हे मी कुणाची थट्टा म्हणून लिहीत नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी स्वतः हेच केले. शेजारच्या तरुण शिक्षकाबरोबर मैदानाच्या दोन फेऱ्या मारल्या आणि कठड्यावर डोके धरून बसलो. त्यानंतर तीन वर्षे बूट कपाटाच्या वर पडून होते. दोष वयाचा आहे अशी मी माझी समजूत करून घेतली होती. दोष वेगाचा होता. हळू धावायचे असते, आणि तेही शिकावे लागते, हे डॉक्टर असूनही मला उशिरा कळले.

हळू धावल्याने होते काय?

स्नायूंना काम करायला शक्ती लागते आणि ती शरीर दोन रीतींनी तयार करते. एक रीत प्राणवायूच्या साहाय्याने साखर आणि चरबी जाळण्याची. ही चूल मंद, पण तासन्‌तास चालणारी. दुसरी रीत प्राणवायूवाचून साखर मोडण्याची. ही गवताच्या आगीसारखी. भडकन पेटते आणि लवकर संपते. आपण सावकाश धावतो तेव्हा जवळजवळ सगळे काम पहिली चूल करते. वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर दुसरी जोराने पेटते. रक्तात आम्लता वाढू लागते, श्वास तोंडाने घ्यावा लागतो, पाय जड होतात.

इथे एक जुना गैरसमज काढून टाकायला हवा. आम्हाला कॉलेजात शिकवले होते की लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. ते खरे नव्हे. हे लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जाते. हृदय आणि इतर स्नायू तर ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशीचे दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे.

रोज आरामात धावत राहिले की ही पहिली चूल मोठी होत जाते. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाच्या ज्या छोट्या भट्ट्या असतात (शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचे चित्र असते), त्यांची संख्या आणि ताकद वाढते. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, त्यामुळे स्वस्थ बसलेले असताना नाडी हळू चालते. चरबी जाळायची सवय लागल्यामुळे साखरेचा साठा पुरवून वापरला जातो.

जोरात धावूनही हे बदल होतात. मिनिटाच्या हिशेबाने पाहिले तर लवकरही होतात. मग जोरातच का धावू नये? कारण शरीराला ते रोज सोसत नाही. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांना महिने लागतात. हाडाची तर आणखी एक गंमत आहे. त्याच्यावर नवा ताण पडला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग तिथे नवा भरते. म्हणजे मधले काही आठवडे हाड पहिल्यापेक्षा कच्चे असते. वाडा दुरुस्त करताना आधी जुन्या विटा काढाव्या लागतात, तसेच. नेमक्या त्याच वेळी आपला भाचा रोज दोनदा सगळ्या ताकदीने पाय आपटत होता.

बुटांच्या कारखान्यातला गुरू

हळू धावण्याचा हा विचार जगात पसरला तो बराचसा न्यूझीलंडमधून. ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे गृहस्थ होते. बुटांच्या कारखान्यात नोकरी करायचे. स्वतःला तंदुरुस्त समजत होते, पण एका परिचिताबरोबर पाच मैल धावायची वेळ आली आणि पुरती दमछाक झाली. मग त्यांनी स्वतःच्याच शरीरावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि ठरवले की आधी महिनोन्‌महिने लांब अंतर दम न लागता धावावे, पाया भक्कम करावा, वेगाचा सराव त्यानंतर. आपल्या भागातल्या पोरांना त्यांनी आठवड्याला शंभर मैल धावायला लावले. पीटर स्नेल हा तर ८०० मीटरचा धावपटू. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी दर रविवारी डोंगरातून बावीस मैल कशाला, असे लोक विचारत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी स्नेलने ८०० मीटरचे आणि लिडियार्ड यांच्याच मरे हालबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० अशी दोन्ही सुवर्णपदके घेतली.

लिडियार्ड यांची पोरे अगदी रमतगमत धावत होती असे मात्र कुणी समजू नये. त्यांच्या नावावर हल्ली वाटेल ते खपवले जाते. ती दणकट पोरे होती आणि चांगल्या चालीने धावत. पण धाव संपल्यावर जीव शिल्लक राहील अशा बेताने.

सामान्य माणसाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये पोक्त माणसांना, हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांनासुद्धा, बोलत बोलत धावायला शिकवले होते. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिकडे गेले. वय एक्कावन्न. पोरांना धावायला शिकवण्यात हयात गेलेली, आणि या मंडळींबरोबर निघाले तर मागे पडले. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना त्यांच्यासाठी हळू व्हावे लागले! बॉवरमन घरी परतले ते हा धडा घेऊनच. त्यांनी आपल्या गावात साध्या माणसांचे वर्ग सुरू केले आणि एका हृदयरोगतज्ज्ञांबरोबर 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले. ते १९६७ मध्ये निघाले आणि जॉगिंग हा शब्द घरोघरी गेला.

अलीकडे नॉर्वेत काम करणारे शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाचे धावपटू, नौका वल्हवणारे, बर्फावर घसरणारे खेळाडू प्रत्यक्षात कसा सराव करतात ते तपासले. दहा वेळा सराव असेल तर साधारण आठ वेळा तो हलका असतो, असे दिसून आले. केनियाच्या एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पुरी केली, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांहूनही कमी. पण केनियातले असले धावपटू सैल धावण्याच्या दिवशी घरातून निघतात तेव्हा इतके सावकाश निघतात की आपल्यालाही त्यांच्याबरोबर थोडा वेळ जाता यावे.

हळू म्हणजे किती हळू?

मोजायला घड्याळ नको. पाढे पुरेत. धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'तेर एके तेर' पासून 'तेर दाहे तीसासे' पर्यंत, मध्ये दम घ्यायला न थांबता दोन-दोन ओळी सलग म्हणता आल्या तर वेग बरोबर आहे. प्रत्येक ओळीनंतर श्वास ओढावा लागला तर वेग जास्त आहे. तीन-चार शब्दांतच अडखळलात तर सरळ चालायला लागा. पाढा येत नसेल तर सोबत्याशी गप्पा मारा. निम्मे गाव तसेही मैदानावर राजकारण बोलायलाच येते.

ज्यांना आकडा हवाच त्यांनी थांबल्याबरोबर मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावे. विशीतल्या निरोगी माणसाची नाडी साधारण १४० ते १५०, पन्नाशीतल्याची ११५ ते १३० च्या आसपास असावी. हा ठोकताळा आहे. माणसामाणसांत फरक पडतो, आणि ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर हा हिशेब चालत नाही. त्यांनी पाढाच म्हणावा.

आता अडचण अशी की पुष्कळांना एवढे हळू धावताच येत नाही. धावायला लागले की पाय आपोआप शाळेतल्या शर्यतीसारखे पळतात. त्यासाठी पाऊल आखूड टाका, अगदी वीतभर पुढे गेले तरी चालेल. वर उसळू नका. पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या, लांब फेकू नका. पावलांचा आवाज कमी यायला हवा. मुठी सैल, खांदे उतरलेले. घोड्याची दुडकी चाल पाहिली असेल, तशी. चढ आला तर चाला, त्यात कमीपणा नाही.

अगदी नवख्याने पहिले दोन आठवडे एक मिनिट दुडके धावावे आणि दोन मिनिटे चालावे, असे वीस मिनिटे, एक दिवसाआड. मग धावण्याची मिनिटे एकेक वाढवावीत. दोन-अडीच महिन्यांत बहुतेकांना सलग वीस-पंचवीस मिनिटे धावता येते. वेग किती, याचा या काळात विचारच करू नये. घरापासून दहा मिनिटे जाऊन त्याच वाटेने परत यावे. परतीला जास्त वेळ लागला तर जाताना घाई केली असे समजावे. ही परीक्षा फार प्रामाणिक आहे, तिला फसवता येत नाही.

खरी अडचण पायांत नसते, मनात असते. "काय डॉक्टर, आज गाडी पहिल्याच गिअरमध्ये?" असे मला चहाच्या टपरीवरून रोज ऐकू येत असे. शेजारून भराभर चालणारे आजोबा पुढे निघून गेले की पाय आपोआप उचलला जातो. सुरुवातीला मी अंधार असतानाच उरकून येत असे, हे कबूल करतो. सहा-सात आठवडे गेले आणि त्याच वाटेवर, तितक्याच आरामात, मला चार मिनिटे कमी लागू लागली. टपरीवरचे बोलणे थांबले नाही, पण मला त्याचे काही वाटेनासे झाले.

भरतीच्या मुलांसाठी

"सर, हळू धावून सोळाशेची वेळ कशी येणार?" हा प्रश्न भाच्यानेही विचारला होता, आणि तो रास्त आहे. सोळाशे मीटरला मुलाला साडेपाच-सहा मिनिटे लागतात. एवढ्या वेळात लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे चार पंचमांश शक्ती प्राणवायूच्या चुलीवर तयार होते. म्हणजे ही शर्यत दिसते वेगाची, पण तिचा मोठा भाग दमाचा आहे. दम वाढवल्याशिवाय नुसते वेगाने पळत राहिले तर भाच्याप्रमाणे वेळ एका जागी अडकते.

भरतीला चार महिने हातात असतील तर पहिले दोन महिने आठवड्यातून पाच दिवस हळू धावा. तीस मिनिटांपासून सुरुवात करून पन्नास मिनिटांपर्यंत जा. मऊ मातीवर धावा, डांबरी रस्त्यावर नको. यातल्या दोन दिवशी धावून झाल्यावर ऐंशी-शंभर मीटरच्या चार-पाच मोकळ्या, लांब ढांगांच्या धावा घ्या, म्हणजे पायांना वेग विसरायला होणार नाही. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस, मग दोन दिवस वेगाचा सराव. चारशे मीटर परीक्षेच्या वेगाने, मध्ये तीन मिनिटे चालणे किंवा दुडके धावणे, असे चार-पाच वेळा. दोन कठीण दिवसांच्या मध्ये किमान दोन हलके दिवस असावेत. सोळाशे मीटर घड्याळ लावून तीन आठवड्यांतून एकदाच धावा. परीक्षेच्या आधीचा आठवडा अंतर निम्मे करा. उरलेल्या दोन दिवसांत झोप घ्या. पहाटे चारला उठून रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणाऱ्या पोराचे हाड कुठल्याही वेळापत्रकाने भरून येणार नाही.

आणि उन्हाची गंमत समजू नका. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत त्या वेळची पाच किलोमीटरची धाव धावताना तरुण उमेदवार कोसळले आणि काही दगावले. धडधाकट पोरे होती ती. धावताना अंगावर काटा येणे, डोके गरगरणे, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची सुरुवात असते. तिथल्या तिथे थांबवून सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि दवाखान्यात हलवावे. "थोडंच राहिलंय, मार" असे ओरडणाऱ्या मित्रांनी हे आधी वाचावे.

मुलींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत. पाढा म्हणण्याइतक्या सावकाश धावूनही धाप लागत असेल तर दोष पायांचा नसून रक्ताचा असू शकतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रिया रक्तक्षय झालेल्या आढळल्या. तेव्हा सरावाआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि सराव वाढवल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर "बरं झालं, कटकट गेली" असे म्हणू नका. मेहनतीच्या मानाने जेवण कमी पडते आहे याची ती खूण असते, आणि त्यातून हाडे ठिसूळ होतात. आयांनीही हे लक्षात घ्यावे. भावाच्या ताटात दूध-अंडी आणि धावणाऱ्या मुलीच्या ताटात भाकरी-चटणी, असे आजही मी घराघरांत पाहतो.

कुणी आधी भेटावे?

चाळिशीपुढच्या, बसून काम करणाऱ्या, तंबाखू-विडी ओढणाऱ्या, साखर किंवा ब्लडप्रेशर असणाऱ्या किंवा घरात लहान वयात हृदयविकाराने कुणी गेले असेल अशा मंडळींनी पहिल्या दिवशी धावायच्या आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. दोन-चार आठवडे नुसते भरभर चालावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी, आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत; मधुमेहात फोड आलेला कळत नाही. धावताना छातीत दाब वाटला, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ते 'गॅस' समजून सोडा पिऊ नये.

पायाच्या दुखण्यात फरक ओळखायचा तो असा. दोन्ही पोटऱ्या किंवा मांड्या सारख्याच ठणकत असतील आणि दोन-तीन दिवसांत उतरत असतील तर ते सरावाचे दुखणे, चालत राहा. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि रात्री अंथरुणातही जाणवत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा. गोळी खाऊन धावू नका. आठवडाभर थांबलात तर पुष्कळदा आठवड्यातच भागते.

भाचा आता चालू लागला आहे. या भरतीला त्याला बसता येणार नाही, हे मामांना पटवायला मला दोन बैठका लागल्या. पुढच्या महिन्यापासून त्याला एक मिनिट दुडके धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे आहे. तेराचा पाढा त्याला येत नव्हता. मामांनी पाठ करून घ्यायला घेतला आहे.